बिंदुमाधवची चाळीस घरं

बिंदुमाधवला घरोघरच्या पाहणीच्या कामात नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत त्याने एकही पत्रक कोरं दिलं नव्हतं. ही गोष्ट तो राहत असलेल्या चामराजपेटेत भेटेल त्याला सांगत असे. न भेटणाऱ्याला गाठून सांगे. नोकरी हंगामी होती. पण कचेरीत पर्यवेक्षकाची एक कायम जागा निघणार होती आणि ती आपल्याशिवाय कोणाला मिळेल, हा प्रश्नच त्याला पडला नव्हता.

मग निपाणीकडून नागनाथ आला.

चोवीस वर्षांचा, अंगाने काटकुळा, सायकल नाही, बोलण्यात घाई नाही. बिंदुमाधव दिवसाला दहा घरं उरकायचा. याची तीन झाली तरी पुष्कळ. तरीही कचेरीचे प्रमुख हयवदनराव साहेब याची पत्रकं वाचताना मान डोलवत, आणि ती डोलणारी मान पाहिली की बिंदुमाधवच्या पोटात दुखू लागे. नऊ वर्षांत आपल्या पत्रकांवर साहेबांची मान कधी हलली नव्हती, याची त्याला पक्की आठवण होती.

१९५८च्या उन्हाळ्यात साहेबांनी दोघांना एकाच भागावर सोडलं. चामराजपेटेतली आठशे घरं. त्यांतल्या किती घरांतली बाई बाहेर कामाला जाते, हे हवं होतं, कारण अशा बायांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचं घाटत होतं. सगळी घरं हिंडायला माणसं नव्हती. म्हणून डोळे मिटून चिठ्ठ्या उचलाव्यात तसे चाळीस घरांचे नंबर बिंदुमाधवला काढून दिले आणि दुसरे चाळीस नागनाथला.

"दोन वेगळ्या मुठी, तांदूळ एकाच पोत्यातले," साहेब म्हणाले. "दोन्हींत खडे अगदी सारखे निघणार नाहीत. पण फार वेगळेही निघता कामा नयेत."

बिंदुमाधवने चार दिवसांत काम उरकलं. त्याची रीत ठरलेली. दाराला कुलूप दिसलं की तो शेजारच्या घरी जाई. तिथे कोणीतरी असेच. कॉफी मिळे, पत्रक भरे. एका दारापुढे तीन-तीनदा चपला झिजवणं त्याला बिनडोकपणाचं वाटे. नागनाथ मात्र कुलूप पाहून परत जाई, संध्याकाळी येई, रविवारी येई. त्याला सोळा दिवस लागले.

"साहेबांना कळकळ दाखवतोय मेला," बिंदुमाधव जेवताना बायकोला म्हणाला. "कुलूप म्हणजे कुलूप. त्याच्यापुढे उभं राहून काय आरती करायची?"

सुलभा त्याच्या पानाकडे पाहत म्हणाली, "स्वल्प लोणचं वाढू?"

आकडे समोर आले. बिंदुमाधवच्या चाळीस घरांत कामाला जाणाऱ्या बायका तीन. नागनाथच्या चाळीसांत अकरा.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "तीन आणि पाच असते तर मी म्हटलं असतं, मूठ आहे, चालायचंच. तेवढा फरक नशिबाने पडतो, त्यात कुणाचा दोष नसतो. तीन आणि अकरा सहसा नशिबाने होत नाही. पोत्यातले खडे आहेत तितकेच आहेत. तुमच्यापैकी एकाची मूठ धड पडलेली नाही. सोमवारपासून आठशेच्या आठशे घरं मोजून घेतो. खऱ्या आकड्याच्या जवळ जो, जागा त्याची."

बिंदुमाधवला अन्न गोड लागेना. अकरा! हॉटेलात डोसा खात बसून पत्रकं भरली असणार. परवा आलेला हा माणूस आपल्या खुर्चीत बसणार, या विचाराने त्याचा नुसता जळफळाट होत होता.

शनिवारी सकाळी, नागनाथ यायच्या आत, बिंदुमाधवने त्याच्या पत्रकांचं बाड सोडलं. दुसऱ्याची पत्रकं पाहायची नाहीत, असा कचेरीचा नियम होता. लोकांच्या घरातलं बाहेर फुटू नये म्हणून. आज त्याने तो मोडला. सोमवारच्या आत एक खोटं पत्रक सापडलं की झालं, एकच.

सव्विसाव्या पत्रकावर त्याचा हात थांबला. पाचवा क्रॉस रस्ता, घर नंबर सत्तेचाळीस. कुटुंबप्रमुख: बिंदुमाधव. पहिली फेरी, कुलूप. दुसरी फेरी, कुलूप. तिसरी, रविवार सकाळ, भेट झाली. बाहेर कामाला जाणारी स्त्री: एक. शिवणवर्गात शिक्षिका, चार वर्षं.

बिंदुमाधवला हसूच फुटलं. सापडला चोर! खोटं लिहायला याला माझंच घर मिळालं, तेही मी बाजारात गेलेलो असताना! साहेब येताच त्याने पत्रक त्यांच्यापुढे आपटलं. "सपशेल खोटं आहे हे. साक्षीला घरच्यांनाच घेऊन येतो."

साहेबांनी पत्रक वाचलं, घड्याळाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "या घेऊन."

सायकल दामटत तो घरी पोचला तेव्हा साडेअकरा वाजले होते. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या गंगव्वा ओट्यावर फुलं गुंफत बसल्या होत्या. "अय्यो अण्णा, अक्का आत्ता कुठली घरी? चारला येती ती. आमच्याकडं या, बसा, कॉफी टाकते."

गंगव्वांचं दार सताड उघडं होतं. बिंदुमाधव त्या दाराकडे पाहतच राहिला. चाळीसांतली आपण सोडून दिलेली कुलपं त्याला एकेक करून आठवू लागली. ज्या बाईला मोजायचं, तिच्याच दाराला भर दिवसा कुलूप असणार. आणि नेमकं तिला टाकून तो शेजारी कॉफी प्यायला गेला होता. पण त्याला जास्त झोंबलं ते दुसरंच. नागनाथला हे माहीत होतं. इतके दिवस तो समोर बसून डबा खात होता, आपल्या घरातलं जे आपल्याला ठाऊक नाही ते त्याला माहीत होतं, आणि तो चकार शब्द बोलला नव्हता.

कॉफी नको म्हणून तो स्वतःच्याच पायरीवर बसला. साहेब तिकडे वाट पाहत असतील, हे कळत असूनही उठला नाही.

चारला सुलभा आली. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती. त्याला पाहून ती फाटकाशीच थांबली.

"त्याला सांगितलंस," बिंदुमाधव म्हणाला. "मला चार वर्षांत नाही."

सुलभाने कमरेची किल्ली काढून कुलपाला लावली.

"तो तीनदा आला," ती म्हणाली. "आणि त्यानं विचारलं."