गुरुवारचा बाक

चिनी डॉक्टर गेल्याचा निरोप त्यांची मुलगी लीला घेऊन आली, तेव्हा मी नुकताच पहिल्या शिफ्टवरून घरी आलो होतो. "बाबांनी त्यांचा बाक तुम्हाला द्यायला सांगितलंय," ती म्हणाली. "पण न्यायला गुरुवारीच या म्हणे. का, ते तुम्हाला ठाऊक आहे." ठाऊक होतं. म्हणून तर डोळे भरलेले असताना मला हसू आलं...

डॉक्टर पिंपरीत दात काढायचे. आईवडील चिनी, जन्म कलकत्त्याचा, आणि मराठी शिकले निघोजे-चाकणच्या दुखऱ्या दातांकडून. म्हणून 'व्हय-न्हाई' बोलायचे. बासष्टला सरहद्दीवर लढाई पेटली आणि लोक गाल सुजवून घरी बसू लागले, पण त्यांच्याकडे फिरकेनात. दवाखान्याबाहेरचा बाक ओस पडला. आमच्या कंपनीची बस त्याच्या समोरच थांबायची. मी बाविशीचा, कंपनीत नवा. एका दुपारी बाकावर सावली दिसली म्हणून बसलो, एवढंच. आतून कसलासा आवाज येत होता. दोन तारांचं वाद्य, त्याचा गज तारांच्या मधेच अडकवलेला. वाजवून झाल्यावर ते दारात आले. "काय आलं मनात?"

मी बस येते त्या वळणाकडे बघत होतो. म्हणालो, "कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय."

त्यांनी गज बाजूला ठेवला. मग दोन चहा सांगितले. त्या चहापायी माझी बस चुकली.

तिथून पुढं जवळजवळ वीस वर्षं मी त्यांचा हक्काचा ऐकणारा. आमच्या कॉलनीतल्या जयंती-उत्सवाच्या गाण्यांना ते साथीला बसायचे. ढोलकीवाली पोरं लय सोडून पळायला लागली की गज थांबवून छातीवर हात ठेवायचे, "आधी हितं वाजू दे, मग हातानं." एकदा बाकावरच्या धुळीत बोटानं त्यांनी एक अक्षर काढलं. "शिन्. काळीज बी हेच आन् डोकं बी हेच. आमच्यात दोन न्हाईत. इचार लिवा, काळजी लिवा, इसरणं लिवा, अक्षराच्या पोटात हे असतंयच."

"मग डोक्यात काय असतं, डॉक्टर?"

"दात. तेवढंच माझ्याकडं."

सगळं गोड होतं. फक्त एक गोष्ट मला टोचायची. ते ज्याला त्याला सांगायचे, "सगळी पळाली, तवा ह्यो एकटा मला ऐकाया आला." माझ्या लग्नात सासऱ्यांनाही सांगितलं, तेव्हापासून सासरे मला अहो-जाहो करतात. मी मान खाली घालायचो, लोकांना तो विनय वाटायचा. माझ्यात कसली आलीय हिंमत? गल्लीत कुणी त्यांच्याविरुद्ध बोललं, तर मी बुटाचे बंद बांधत बसणारा माणूस.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या हातात गज राहीना, तेव्हा मी धीर केला. "डॉक्टर, मी तुम्हाला ऐकायला आलो नव्हतो. बसची वाट बघत होतो. सावली होती म्हणून बसलो."

"मला दिसत न्हवतं व्हय? मान मोडंस्तवर वळणाकडं बघत हुतास."

"मग?"

"मी बी गिऱ्हाइकाची वाट बघत हुतो. तेच वाजवलं. तुला तेच कळलं." खोकल्यातून हसू आवरत ते पुढं म्हणाले, "आन् दुसऱ्या दिशी परत येऊन बसलास. बसच्याच येळंला. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं.

"गुरुवार हुता तो, राव. तुमची कंपनी बंद."

खरंच, गुरुवारी बस नसायचीच.

"कशाला आलास, ते मी इचारलं न्हाई. शिन् आलं, त्याच्यामागनं तू आलास. आता इतक्या वर्सांनी कशाला तोंड पाडतुस?"

आम्ही दोघं इतके हसलो, की लीला पाणी घेऊन धावत आली.

बाक हातगाडीवरून आणला, गुरुवारीच. आता तो आमच्या खोलीबाहेर असतो. परवा जेवण झाल्यावर मी त्यावर टेकलो होतो. बायको दारात येऊन म्हणाली, "आज कंपनी बंद. मग कुणाची वाट बघत बसलायत?"

मी जरासा सरकलो आणि तिला जागा करून दिली.