जावळातला एक केस

माणूस पुढे काय होणार हे सांगणारे ज्योतिषी मी पुष्कळ पाहिले, आणि माणूस आज काय आहे हे सांगणारे शेजारी तर घरोघरी असतात. पण समोरच्या माणसाकडे बघताना तो सर्वांत आधी काय होता एवढंच ज्याला दिसायचं, असा उभ्या खानदेशात एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण धुळ्याला दिलेली. तिचे यजमान तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं होत होत त्यातून डोळे, काळीज, शेपूट असलेला अख्खा जीव कसा उभा राहतो, हा त्यांचा विषय, त्यांचा छंद आणि त्यांचा देवधर्म. माझ्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून, घामाने निथळत, शक्य तितका रुबाबदार उभा होतो. हे आले, चष्मा कपाळावर ढकलला, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि गहिवरून म्हणाले, "कमाल आहे! एवढ्याशा ठिपक्यातून हे एवढं झालं!" मला ती माझ्या व्यक्तिमत्त्वाची स्तुती वाटली. मी लाजून वाकलो आणि "आपला आशीर्वाद" म्हणालो. नंतर कळलं की हेच वाक्य त्यांनी आचाऱ्याला, माझ्या सासऱ्यांना आणि वरातीच्या घोड्यालाही ऐकवलं होतं, आणि त्यांच्या मते त्या तिघांत घोडा सरस होता.

ते मूळचे सोनगीरकडचे. एरवी बोलणं पुस्तकी, पण विषय रंगला की अहिराणी आपोआप वर यायची. "बठ्ठं त्या ठिपकामा शे, भाऊ," म्हणजे सगळं त्या ठिपक्यातच आहे, असं म्हणून ते माझ्या गुडघ्यावर थाप मारायचे. गुडघा दोन दिवस दुखायचा. ते मला साडूभाऊ म्हणत आणि मीही त्यांना साडूभाऊच म्हणे, त्यामुळे आमच्या दोघांच्या बायका आतून थट्टेने "साडूभाऊ" अशी हाक मारायच्या तेव्हा कोणी उठायचं यावर नेहमी गोंधळ व्हायचा. बारशाला गेले तर पाळण्यातल्या बाळाला खुळखुळ्याऐवजी व्याख्यान. वधूपरीक्षेला नेलं तर मुलीला स्वयंपाक येतो का हे न विचारता, "तुम्हाला कल्पना आहे का, की तुमचा पाठीचा कणा आधी एक घडी होती?" असं विचारणार. ती मुलगी रडत आत गेली आणि पुढे तिने त्यांच्याच विषयात एम.एस्सी. केलं, हा भाग वेगळा.

त्यांच्या धुळ्याच्या घरात न विचारता काही तोंडात घालायचं नाही, असा माझ्या मेहुणीचा दंडक होता. तो मला कोणी आधी सांगितला असता तर पुढचा प्रसंग टळला असता. एकदा श्रावणात जळगावहून एसटीने उभा राहून धुळ्याला पोचलो. पारोळ्यापासून घशाला कोरड. घरात शिरलो तर ओट्यावर काचेच्या वाडग्यात छान गार दिसणारं पाणी, आणि त्यात काळ्या ठिपक्यांचे पारदर्शक बुळबुळीत दाणे. मेहुणीने माझ्यासाठी सब्जा भिजवून ठेवलाय, अशी माझी खात्री पटली. उन्हातान्हातून आलेला माणूस आणखी काय समजणार? मी वाडगा तोंडाला लावला, मोठा घोट घेतला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, "ताई, साखर विसरलात!" आतून साडूभाऊ धावत आले. वाडगा पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि अत्यंत हळव्या आवाजात विचारलं, "चावलात का नुसतं गिळलंत?" ती बेडकाची अंडी होती. खदानीतल्या डबक्यातून पहाटे आणलेली. मी मोरीकडे पळालो तर हे मागोमाग, पाठीवर हात फिरवत: "सावकाश, साडूभाऊ, सावकाश. आत्ताच दोनाच्या चार पेशी होत होत्या." पुढचे काही दिवस ते पोस्टातून फोन करून माझ्या पोटाची चौकशी करायचे. मला फार बरं वाटायचं. ती चौकशी माझी नव्हती हे बायकोने सांगेपर्यंत.

पण त्यांच्या या वेडाशी आमची खरी गाठ पडली ती वेगळ्याच कारणाने. लग्नानंतर माझ्या बायकोला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना उलटायच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या वेळी तर त्याच्या आठवडाभर आधीच आम्ही दोघं साडूभाऊंबरोबर सोनगीरचा किल्ला चढलो होतो. कल्पना माझी. वर जाऊन मी पोवाड्याच्या थाटात हातवारे केले, पाय घसरून बसलो आणि मलाच खाली उतरवावं लागलं. ती मात्र हरणासारखी चढली-उतरली होती. तरी दोष तिच्याच पायांना लागला. माझ्या आईला सगळे अक्का म्हणायचे. फैजपूरकडच्या केळीच्या मळ्यात उभं आयुष्य काढलेली, आता आमच्याकडे जळगावात राहायला आलेली. मनाने वाईट नव्हती, पण कारण सापडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पहिल्या वेळी कारण पपई होती. दुसऱ्या वेळी किल्ला. "मी सांगत होती ना," असं ती कुणाला उद्देशून न बोलता बोलायची, आणि ते नेमकं जिथे लागायचं तिथे लागायचं. साडूभाऊंना तर तिने मनातून उतरवलंच होतं. त्यातून एकदा ते कॉलेजातल्या प्रयोगाची कोंबडीची अंडी माकडटोपीत गुंडाळून, मांडीवर धरून आमच्याकडे आले. बसमध्ये कंडक्टरने थट्टेने विचारलं होतं, "काय सर, उबवता का काय?" यांनी गंभीरपणे "हो" म्हटलं आणि खिडकी लावून घ्यायला सांगितली. आमच्या माळकरी घरात अंडी! अक्काने त्यांना अंड्यांसकट ओसरीवर बसवलं. जेवायचं ताटही तिथेच आलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट जळगावचं ऊन बघून ते खूश झाले. इथे उबवणीच्या पेटीची गरजच नाही म्हणाले, उलट अंडी निववावी लागतील.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मात्र घरातली हसण्याची सोयच गेली. बायकोने पायरी उतरायची नाही, हात वर करायचे नाहीत, दारात उभं राहायचं नाही. अक्काने एकेक बंद करत आणलं आणि उरलेलं बायकोने स्वतःच बंद केलं. ती आतल्या खोलीतल्या बाजेवर नुसती बसून राहायची. कूस बदलतानाही श्वास रोखायची, जणू आपल्याच अंगात चोर शिरलाय आणि जरा हललं तर तो काहीतरी घेऊन पळेल. एकदा मला म्हणाली, "या वेळी काही झालं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही." मी तिला हसवायला बेडकाच्या अंड्यांची गोष्ट सांगितली. ती पहिल्यांदाच हसली नाही. मग मी पोस्टात गेलो आणि धुळ्याला फोन लावला.

साडूभाऊ आले तो दिवस आमच्या अंगणात उडदाच्या पापडांचा होता. गल्लीतल्या बायका गोल करून बसलेल्या, पोळपाट-लाटण्यांचा एकच आवाज. कुटून मऊ केलेल्या पिठाचा तेल लावलेला लांब वळा करायचा आणि दोऱ्याने त्याच्या लाट्या कापायच्या, हे काम अक्काचं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात, आणि सटासट लाट्या पडत जायच्या. साडूभाऊ फाटकातून आत आले आणि तो दोरा पाहून जागीच खिळले. मला वाटलं, आता हे अक्काला "एवढ्याशा ठिपक्यातून" ऐकवणार. पण ते चपला काढून सरळ त्या बायकांत मांडी घालून बसले. गल्लीच्या इतिहासात असं झालं नव्हतं. दोघींनी पदर ओढला, एकीने तोंडात कोंबला.

"अक्का, जरा दोरा द्या."

"तुमाले काहून पायजे, मास्तर? हे बायांचं काम आहे."

"एक गोळाही द्या. मिरी नीट दिसतेय असा."

अक्काने पाहुणा म्हणून दोन्ही दिलं. साडूभाऊंनी गोळा तळहातावर घेतला. पांढऱ्या पिठात भरडलेल्या मिरीचे काळे कण. "हा आपण सगळे," ते म्हणाले. "तुम्ही, मी, हे आमचे साडूभाऊ. सुरुवातीला एवढंच." त्यांनी गोळ्याभोवती दोरा फिरवला आणि ओढला. दोन झाले. "एका परदेशी शास्त्रज्ञाने असंच केलं होतं. त्याच्याकडे एवढा बारीक दोरा नव्हता, म्हणून त्याने आपल्या तान्ह्या बाळाचा केस घेतला आणि पाण्यातल्या एका जीवाच्या अंड्याला बांधला. मधोमध आवळलं तर एकाची दोन पिल्लं झाली, दोन्ही धडधाकट. पण अक्का, आपल्याला आज दुसरंच बघायचंय." त्यांनी दोन अर्धे पुढे धरले. एकात मिरी गच्च, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. "ही मिरी म्हणजे आतला ऐवज. हात कुठला, डोळा कुठला, हे सगळं त्यात. ती सारखी वाटली गेली पाहिजे. बहुतेक वेळा जाते. कधी कधी अशी जाते. मग तो गोळा पुढे थोडा वाढतो आणि थांबतो. हे सगळं कधी होतं? बाईला दिवस गेलेत हे तिलासुद्धा कळायच्या आधी. तेव्हा ती काय करत असते? भाकऱ्या करत असते, झोपलेली असते, नवऱ्याचे विनोद सहन करत असते."

बायका हसल्या. अक्का हसली नाही. "मंग पपई? अन् तो किल्ला?"

"मिरी आधीच वाटून झालेली होती, अक्का. बरंचसं असंच असतं. वाटणी चुकली तर किल्ला न चढताही थांबतं, आणि बरोबर झाली असेल तर किल्ल्याने ती बिघडत नाही. यात कुणाचा काही दोष नाही. बठ्ठं आधीच व्हई जास."

लाटणी थांबली होती. अक्का त्या दोन अर्ध्या गोळ्यांकडे बघत राहिली. मग खाली मान घालून, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली, "माह्यं पहिलं गेलं तं सासू म्हने, हिरीवरून भरली घागर उचलली म्हनून. मरेपर्यंत म्हनत राह्यली. मलेबी तेच खरं वाटे."

साडूभाऊंनी चष्मा कपाळावरून खाली, डोळ्यांवर घेतला. ते पहिल्यांदाच कुणाकडे तो आज जसा आहे तसं बघत असावेत. "घागरीचा काही संबंध नव्हता, अक्का," ते हळूच म्हणाले.

अक्काने पदराने डोळे पुसले. "पापडखार उडाला," ती म्हणाली. पापडखार सकाळीच पिठात मळला गेला होता. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात माझी बायको उभी दिसली. तिने सगळं ऐकलं होतं. उंबरा ओलांडून, दोन पायऱ्या उतरून ती अंगणात आली. मी "अगं, अगं" म्हणत धावलो, माझाच पाय तेलाच्या वाटीत पडला आणि मी पिठाच्या परातीशेजारी सपशेल बसलो. अक्का माझ्याकडे न बघता सरकली, सुनेला जागा करून दिली आणि मास्तरांकडचा दोरा घेऊन तिच्या हातात दिला. "घे. काप. सारख्या काप." त्या वर्षीचे आमचे पापड काही रुपयाएवढे तर काही ताटाएवढे झाले, कारण बायकोचा हात दोऱ्यावर बसलेला नव्हता आणि मास्तरांनी हाताळलेलं पीठही अक्काने फेकू दिलं नाही.

मुलगी झाली. वाटणी व्यवस्थित झाली होती. तापीकाठी तिचं जावळ काढलं तेव्हा साडूभाऊ धुळ्याहून मुद्दाम आले, आणि न्हावी वस्तरा फिरवत असताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "साडूभाऊ, एक केस मिळेल का? बेडकाच्या अंड्याला बांधून बघायचा होता." जावळाचा एकेक केस कणकेच्या गोळ्यात घेऊन नदीत सोडायचा, एकही इकडेतिकडे पडू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. मी त्यांना गप्प करत होतो तेवढ्यात अक्काने गोळा पुन्हा उघडला, त्यातून एक केस सोडवून काढला, फुंकर मारून कणीक झटकली आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "घ्या, मास्तर. घट्ट नका बांधू बापा, तिचा आहे."

त्यांनी तो काचेच्या नळीत बूच लावून ठेवला. दर पावसाळ्यात मी विचारायचो, "काय, झाली का जुळी बेडकं?" ते म्हणायचे, "चाललंय." पुढे मेहुणीने सांगितलं की ते प्रयोग घोड्याच्या शेपटीच्या केसांनी करायचे, कॉलेजातल्या पोरींकडून मागून आणलेल्या केसांनी करायचे, आणि दर वेळी अंडं फुटायचं. नळीला मात्र हात लावत नसत. तिने एकदा छेडलंच, तर म्हणाले, "एकच आहे गं. चुकलं तर?" सगळं आयुष्य चुकणं हे साहजिक असतं असं शिकवण्यात घालवलेला माणूस!

ते गेले, आणि मेहुणीने धुळ्याचं घर आवरताना ती नळी आमच्याकडे दिली. ती घेऊन मी घरी आलो तेव्हा मुलगी शाळेतून येऊन आरशासमोर लांब वेणी सोडवत होती आणि अक्का, आता पार वाकलेली, देवापुढे वाती करत होती. मी नळी अक्काच्या हातात दिली आणि विचारलं, की राहिलेला हा एक केसही रीतीप्रमाणे तापीत सोडून येऊ का. अक्काने नळी उजेडाकडे धरली. आतला केस दिसायला तिला बराच वेळ लागला. मग तिने ती देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे, कोणाचा धक्का लागणार नाही अशी उभी करून ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "मास्तरांचा प्रयोग व्हायचा आहे अजून."