डॉक्टरांचा कोट आणि मावशीची जाळी

माझी मावशी कपडे अल्टर करते, मी तिच्या हाताखाली काजं-बटणं. तीस वर्षांत तिने एक नियम मोडला नाही: गिऱ्हाईक "टोचतंय" म्हणालं, की आधी कपडा उलटा करून बघायचा, मग तोंड उघडायचं. डॉक्टरकीच्या कॉलेजात हे शिकवत नसावेत.

मावशीचं अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भाशय खाली उतरलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत आधाराला जाळी बसवली आणि म्हणाले, "आता पुन्हा बघायला नको." शब्दाचा माणूस. पुढे दीड वर्ष त्यांनी बघितलंच नाही.

लघवीला जळजळ, दर महिन्याला इन्फेक्शन, मधूनच रक्त. मावशी म्हणायची, "डॉक्टर, आत काहीतरी टोचतंय हो." डॉक्टर मान वर न करता गोळ्या बदलायचे. "वय झालं. पाणी भरपूर प्या." घरी तर काय, सगळेच डॉक्टर. काकांचं निदान, मनाचे खेळ. मावशीला मशीनवर दहा मिनिटं बसवेना. एकदा मला म्हणाली, "माझं डोकं फिरलंय का गं? खरं सांग." मला असा संताप आला, काकांचा, डॉक्टरांचा आणि इतके दिवस नुसतं ऐकून घेणाऱ्या माझाही.

मग एके दिवशी डॉक्टर स्वतःच दुकानात आले, हातात नवा कोट. "मानेला काहीतरी टोचतंय. बायको म्हणते, भास होतोय."

मावशीने मान वर केली नाही. "वय झालं, डॉक्टर. पाणी भरपूर प्या."

मी दोरा दाताखाली धरून हसू दाबलं. मावशीने कोट उलटा केला, लेबलाची शिवण उसवली आणि सुईचं तुटलेलं टोक काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "तुमचं मी बघितलं. आता माझं तुम्ही बघा."

त्याच आठवड्यात दुर्बीण घालून तपासलं. जाळीची कड मूत्राशयात घुसली होती, वर खडा धरला होता. पडद्यावर ते बघून मावशी रडायला लागली. "आहे ना? आहे ना गं?" एवढंच म्हणत राहिली.

दुसरं ऑपरेशन करून तो तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, लाखात एखादीला होतं असं. मावशीने तुकडा बाटलीत मागून घेतला आणि बटणांच्या बरण्यांशेजारी ठेवला.

आमच्या गल्लीत लाखभर बायका काही राहत नाहीत. तरी आतापर्यंत चौघींनी, चौघीही त्याच डॉक्टरांच्या पेशंट, ती बाटली कसली म्हणून विचारलं. मग दुकानाचा पडदा ओढून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "मलाही टोचतं."