शंभर वेळा प्लग

शिंप्याची बायको काय काम करते, हे गल्लीत कुणाला धड सांगता येत नसे. ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ म्हणून सगळे मोकळे होत. शिंप्याला मात्र नेमकं ठाऊक होतं. कॉम्प्युटरच्या मुळाशी कर्नल नावाचा जो प्रोग्राम असतो, त्यात डिस्कशी बोलणारे ड्रायव्हर नावाचे तुकडे असतात, आणि त्यांतला एक ती एकोणीस वर्षं सांभाळत होती. कुणीही दुरुस्ती पाठवली की तिची एकच अट: डिस्कवर लिहिणं चालू असताना प्लग उपटायचा, शंभर वेळा. शंभरही वेळा फाइल शाबूत राहिली तरच दुरुस्ती आत. प्लग उपटायचं काम शिंप्याकडे होतं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या सकाळी दूरच्या एका शाळेच्या कारकुनाचं पत्र आलं. चाचणीसाठी दिलेली नवी दुरुस्ती घेतल्यापासून वीज गेली की निकालाची फाइल कोरी निघते. शिंप्याच्या बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं उत्तर ठोकून दिलं: तुमची डिस्क म्हातारी झालीय, बदला.

शिंपी काजं करत होता. मान वर न करता म्हणाला, “ही दुरुस्ती कुणाची गं?”

“माझीच.”

“मग मला प्लग काढायला कसं नाही बोलावलंस?”

“मीच काढून पाहिला की दहादा.”

“वा! लोकांना शंभर आणि स्वतःला दहा?”

तिचं नाक लाल झालं. संध्याकाळी ती दुरुस्ती नव्या आवृत्तीतून हजारो यंत्रांवर जाणार होती. ती उठली, मागच्या खोलीतलं जुनं यंत्र चालू केलं आणि म्हणाली, “या, बसा प्लगपाशी.”

अडुसष्टाव्या खेपेला फाइल उघडली, तर कोरी. सगळ्याच डिस्क म्हणतात तसं ही डिस्कही लिहून व्हायच्या आधीच ‘लिहिलं’ म्हणाली होती, आणि बायकोच्या नव्या दुरुस्तीने खात्री न करता ते खरं मानलं होतं.

म्हाताऱ्या डिस्कवर खापर फुटलंच होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिने कारकुनाला सगळ्यांना दिसेल असंच लिहिलं, “तुमची डिस्क चांगली आहे. चूक माझी. मी नीट तपासलं नाही, वर तुम्हालाच झापलं. माफ करा. दुरुस्ती मागे घेतली आहे.” बोट बटणावर जरा अडलं, पण तिने पाठवलंच. शिंप्याला इतकं भरून आलं की त्याने काजं बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्ती नव्याने लिहिली. दुपार कलताना शंभरावा प्लग निघाला. फाइल शाबूत. शिंपी मनगट चोळत उठला.

“झाले शंभर!”

“ते लोकांसाठी,” ती म्हणाली. “ही माझी आहे. बसा अहो, आणखी शंभर.”