वगारीच्या हातात चमचा

वगार काळीच राहील, यावर माझं एजन्सीशी पहिलं भांडण झालं आणि ते मी जिंकले. दुसरं भांडण चमच्याचं. त्यात माझं काम गेलं, आणि आजही कुणी विचारलं तर मी तेच करीन.

धुळ्याच्या एमआयडीसीत एका भाऊंचा कारखाना आहे. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी, तिचे फ्लेक्स बनवतात, सकाळी दुधात टाकून खायचे. पाकिटावर शोभेल असं एक कार्टून पात्र आणि टीव्हीसाठी तीस सेकंदांची फिल्म त्यांना हवी होती. बाकी सगळं पुण्याची एजन्सी बघत होती, पण चित्रं आपल्याकडच्याच माणसाने काढायची असा भाऊंनी हट्ट धरला. म्हणून काम जळगावला आमच्याकडे आलं. आम्ही म्हणजे दोघी. मी मूळची धुळ्यातल्या देवपूरची, पात्रांची हालचाल काढते. मैत्रीण नशिराबादहून रोज येते, रंग भरते आणि एडिट करते.

एजन्सीला सिंहाचा छावा हवा होता. मी वगार दिली, म्हशीचं पिल्लू. ज्वारीचा कडबा खाते आणि मोठी झाली की दूध देते, म्हणजे अख्खी न्याहारी तिच्याच जिवावर आहे, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं. भाऊ हसले आणि वगार पास झाली. मग एजन्सीतल्या मॅडम म्हणाल्या, थोडी ब्राउन करू या, टीव्हीवर छान दिसेल. मी म्हटलं, ब्राउन म्हैस तुम्ही कुठे पाहिली? तो विषय तिथेच संपला.

हालचाल काढायची तर आधी खरं माणूस बघावं लागतं. आम्ही कुणाला तरी ते काम करायला लावतो, मोबाइलवर शूट करतो आणि एकेक चित्र थांबवून बघत काढतो. खाणारी वगार काढायची होती, म्हणून मी देवपूरला जाऊन आईसमोर फ्लेक्सचं पाकीट ठेवलं. एवढंच म्हटलं, खाऊन दाखव. आईने दूध कोमट केलं, वाटीत ओतलं, फ्लेक्स टाकले आणि भाकरी चुरतो तसे हाताने चुरले. चार बोटं गोळा करतात, अंगठा रगडतो, मनगट जरासं वळतं आणि घास तयार होतो. मी ते आठ सेकंद कितीदा पाहिले असतील, देव जाणे. कार्टूनला सहसा चारच बोटं देतात, काढायला सोपं पडतं म्हणून. माझ्या वगारीला मी पाच दिली. चार बोटांनी कुणी नीट चुरून दाखवावं.

आता आमची चूक ऐका. दोन महिने काम चाललं. कागदावरची कच्ची चित्रं भाऊंनी पाहिली, पास केली. मैत्रिणीने रंग भरले. वगार वाटीत हात घालून चुरते आहे, खाते आहे, ओठावर दुधाची मिशी उमटली आहे, सगळं झकास. मग व्हिडिओ कॉलवर एजन्सीच्या मॅडमनी फिल्म पाहिली आणि विचारलं, "स्पून कुठे आहे?"

मी खरोखर शोधला. वाटीच्या मागे राहिला की काय म्हणून स्क्रीनवर वाकून पाहिलं. मैत्रिणीने रंगांच्या फाइल उघडल्या. चमचा कुठेच नव्हता, कारण आमच्यापैकी कुणालाच तो सुचला नव्हता. दुधात काहीही पडलं की ते चुरायचं, हे आमच्या हातात इतकं मुरलेलं, की पाकिटाच्या फोटोत चमचा असूनही आम्हाला तो दिसला नाही.

मी लगेच माफी मागितली. राहून गेलं म्हटलं, दोन दिवसांत घालते. दुसऱ्या दिवशी चमचा काढायला बसलेही. वगारीच्या हातात चमचा दिला आणि ती परक्या घरी जेवायला बसल्यासारखी अवघडून बसली. ते बघता बघता माझं डोकं तापायला लागलं, आणि का तापलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

पुण्यात मी चार वर्षं एका स्टुडिओत होते. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना मी डाळीत भाकरी चुरली. जेवून जागेवर आले तर फळ्यावर माझं व्यंगचित्र होतं. कोपरापर्यंत हात वाटीत, बाजूला शिंतोडे. चित्र छान होतं, हे मात्र मान्य करते. सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून बॅगेत चमचा ठेवला आणि चार वर्षं भाकरीसुद्धा चमच्याने खाल्ली. तुम्ही कधी खाऊन बघा. आईला हे मी कधीच सांगितलं नाही, मला त्याची लाज वाटते. चुरण्याची नाही, चमच्याची.

मी काढलेला चमचा पुसला आणि एजन्सीला कळवलं, चमचा येणार नाही.

भाऊंनी धुळ्याला मीटिंग बोलावली. पुण्याहून मॅडम आल्या, सोबत दोघं जण. टेबलावर प्रत्येकासमोर वाटी, दूध, फ्लेक्स आणि कागदी रुमालावर चमचा. मॅडम वाईट नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "शहरातली आई हे बघून चॅनेल बदलेल. अनहायजीनिक वाटतं." मी म्हटलं, "हात धुतानाचं दृश्य घालते, हवं तर. साबणासकट."

मग मी माझ्या वाटीत हात घातला आणि चुरलं. सगळ्यांच्या समोर, सावकाश. भाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या घरी मी दोनदा जेवले आहे, दूधभाकरी ते कशी खातात ते मी पाहिलेलं आहे. त्यांचा हात वाटीपर्यंत गेला. पुण्याच्या लोकांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि चमचा उचलला.

मला त्यांचा राग आला नाही. तो चमचा मीही चार वर्षं वागवला होता. राग आला तो त्या चमच्याचाच.

चहा झाल्यावर भाऊ मला आणि मैत्रिणीला बाहेर घेऊन गेले. आत ते पुस्तकी मराठी बोलत होते, बाहेर आल्यावर आपल्या बोलीवर आले. "ताई, तुमनं म्हननं खरं शे. आपन दोन फिलमी करूत. पुना-मुंबईले चमचावाली, आपला खान्देशले हातवाली. मंग ते झाय ना?"

तोडगा चांगला होता. त्याच चित्रांवर चमच्याचा एक थर वाढवायचा, दोन दिवसांचं काम. मैत्रिणीची नजर मला सांगत होती, हो म्हण. पण आपल्या घरात हात आणि पाहुण्यांपुढे चमचा, हेच तर मी चार वर्षं केलं होतं. तेच आता वगारीला शिकवायचं? मी म्हटलं, "भाऊ, फिलम एकच. नही ते मी नही."

"काम जाई, ताई."

"जाऊ द्या."

गेलं. करारानुसार वगार कंपनीची होती, सगळ्या फाइल मी मुकाट्याने दिल्या. मैत्रीण कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचंही बरोबर होतं, ते काम तिचंही होतं आणि मी तिला न विचारता सोडलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चमचा कसाले लागस? हात शे ना." एवढ्यावर तिच्या लेखी तो विषय संपला.

फिल्म टीव्हीवर आली तेव्हा आम्ही दोघींनी ती स्टुडिओतच पाहिली. पुण्याच्या लोकांना घाई झाली असणार. हात नव्याने काढायला वेळ नव्हता, म्हणून माझ्याच हातावर त्यांनी चमचा चिकटवला होता. चमचा वाटीत जातो, वर येतो. पण हात तोच. चार बोटं गोळा करतात, अंगठा चमच्याच्या दांडीवर रगडत राहतो, मनगट वळतं. वगार स्टीलचा चमचा चुरते आहे. मैत्रीण इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. त्या दिवसापासून ती माझ्याशी पुन्हा नीट बोलू लागली.

पंधरा दिवसांनी भाऊंचा फोन आला. आवाज पडलेला होता. "ताई, त्या अंगठानं काहीतरी करा. बठ्ठा लोक हासतस. तुमीच करी द्या."

मी म्हटलं, "अंगठा बराबर शे, भाऊ. चमचा काढी टाका."