टाचेची खूण

माझ्या चष्म्याच्या दुकानात आले की चाचा आधी स्टँडवरची एखादी नवी फ्रेम उचलायचे, ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट बघायचे आणि तोंड वाकडं करून परत ठेवायचे. "लई चकचकीत हाय. कुनी वापरल्यावानी दिसत न्हाई."

नव्या फ्रेमा विकून पोट भरणाऱ्या बाईसमोर दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी चिडले असते. त्यांच्यावर चिडता येत नसे, कारण ते मनापासून नाराज झालेले असायचे. पिढ्यान्‌पिढ्या उदगीरला राहिलेल्या घरातले ते. तरुणपणी हवाई दलात गेले, लढाऊ विमानांच्या अंगाची डागडुजी करण्यात नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर नांदेडला आमच्या कॉलनीत राहायला आले. कुणी फौजी म्हटलं की शांतपणे दुरुस्ती करायचे, "फौज येगळी. आपन एअरफोर्स."

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाचायला चष्मा नको होता. डोळ्यांपासून जेमतेम तळहाताच्या अंतरावर धरलेली वस्तू स्पष्ट दिसेल अशी काच हवी होती. इतक्या जवळून काय बघायचंय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "घरी या. दावतो."

तुम्हीही अशी एखादी खोली पाहिली असेल, जिथं गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. खिडकीपाशी टेबल, टेबलावर नखं घासायच्या कानशी, बारीक कुंचले, रंगाच्या बाटल्या आणि एक वाटी मीठ. मधोमध वीतभर लांबीचं प्लॅस्टिकचं लढाऊ विमान. सुटे भाग त्यांनी हैदराबादहून आणले होते. जोडकाम झालं होतं. सांधा बोटाला लागू नये म्हणून कितीतरी दिवस नुसती घासाघीस चाललेली होती. आता चाचा ते विमान जुनं करत होते.

हो, जुनं. आधी पूर्ण रुपेरी रंग द्यायचा. मग जिथं झीज दाखवायची तिथं ओलसर मिठाचे कण चिकटवायचे आणि वरून हिरवा-करडा रंग फवारायचा. वाळल्यावर मीठ खरवडलं की खालचा रुपेरी पत्रा उघडा पडलेला दिसतो. पत्र्यांच्या जोडांमध्ये पातळ काळपट रंग सोडायचा. तोफेच्या तोंडामागं काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ. एकेका ओघळासाठी ते श्वास रोखून बसायचे. चुकला तर पुसून पुन्हा. मी म्हटलं, चाचा, लोक जुनं नवं करतात. ते म्हणाले, "काम केलेलं दिसलं पायजे, बेटा. न्हाईतर ते खेळनं हाय."

हे नुसतं कुठलं तरी विमान नव्हतं. ज्याच्यावर त्यांनी स्वतः काम केलं होतं तेच ते, तसंच. डाव्या पंखाच्या मुळाशी त्यांनी एक लहानशी जागा सोडली होती. तिथं रंग कसा उडाला ते त्यांनी मला सांगितलं. विमानाच्या इंजिनाचं काम बघणारा त्यांचा जोडीदार किनवटकडचा, इस्लापूरचा होता. उंचीनं बेताचा. पंखावरून उतरताना पाय शिडीला पुरायचा नाही, म्हणून घसरतच खाली यायचा. त्याच्या टाचेनं तिथला रंग जायचा. चाचा रंग लावायचे, तो पुन्हा घालवायचा, दोघांना मिळून बोलणी बसायची. हा जोडीदार निवृत्त होऊन गावी शेती करायला गेला आणि आजारपणात वारला. पेपरात नाव यावं असं त्याच्या आयुष्यात काही घडलं नाही. त्यानं तपासलेली विमानं नीट उडाली आणि नीट परत आली, एवढंच.

त्याच सुमारास शहरातल्या एका शिक्षणसंस्थेनं वीरांच्या स्मृतीचं दालन काढायचं ठरवलं. संस्थेचे सचिव स्वतः चाचांकडे आले आणि विमान मागितलं. देताना चाचांनी टाचेची गोष्ट त्यांना सगळी सांगितली. सचिवांनी मान डोलावली. मी तिथं होते. मान डोलावताना ते मोबाइलवर काहीतरी वाचत होते.

उद्घाटनाला चाचांनी इस्लापूरहून जोडीदाराच्या बायकोला बोलावून घेतलं. वहिनी सकाळच्या गाडीनं आल्या, चाचांसाठी धपाटे बांधून घेऊन. नवऱ्यानं जन्मभर ज्याच्यावर काम केलं ते विमान त्यांनी कधी जवळून पाहिलं नव्हतं. मी दुकान बंद ठेवून दोघांबरोबर गेले.

काचेच्या पेटीत विमान होतं. आरशासारखं चकाकत होतं. कुणीतरी ते थिनरच्या फडक्यानं पुसून काढलं होतं आणि वरून गाड्यांना मारतात तो चंदेरी स्प्रे मारला होता. चाचांनी कोरलेल्या जोडांच्या रेघा त्या जाड रंगात बुजून गेल्या होत्या. शेपटीवर झेंड्याचं स्टिकर, तेही वाकडं. खाली पितळी पाटी, तिच्यावर दालनाला पैसे देणाऱ्या देणगीदाराचं नाव.

वहिनी काचेला नाक लावून डावा पंख शोधत होत्या. मग त्यांनी वळून विचारलं, "भाऊजी, यांची जागा कुठं हाय?"

चाचांनी वाकून पंखाचं मूळ बघितलं. मग म्हणाले, "हे आपलं न्हाई, वहिनी."

एवढ्यात सचिव आले. ते खुशीत होते. पाहुणे यायचे आणि विमान मळकं, शहिदांचा अपमान दिसला असता, म्हणून आमच्या कलाशिक्षकांकडून उजळून घेतलं, असं त्यांनी सांगितलं. वर चाचांकडून शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

"ती घान नव्हती, साहेब," चाचा म्हणाले. "माझा जोडीदार होता तो."

सचिवांना आठवेना. तसं काही होतं तर लिहून द्यायचं होतं, असं म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर बसून, चहा पीत ऐकलेली गोष्ट यांना कागदावर हवी होती. मी विमान परत मागितलं, तर ते आता संस्थेच्या मालकीचं आहे असं उत्तर मिळालं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली आणि स्वयंसेवकांनी वहिनींना मागं सरायला सांगितलं, कारण पुढच्या खुर्च्या निमंत्रितांच्या होत्या. वीरांच्या स्मृतीसाठी म्हणून काढलेल्या दालनात ती बाई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी राहिली. भाषणं झाली. त्याग, बलिदान, माती, सगळं येऊन गेलं. इंजिन तपासणाऱ्याचा, पत्रा ठोकणाऱ्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. विमानं जणू भाषणांवरच उडतात.

चाचांचं नाव पुकारलं गेलं. ते गेले, शाल अंगावर घालू दिली नाही, हातात घेतली, नीट घडी करून रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरून सरळ वहिनींपाशी आले. आम्ही तिघं बाहेर पडलो. स्टेशनवर बाकावर बसून आम्ही ते धपाटे खाल्ले. चाचांनी एकच खाल्ला. गाडी येईपर्यंत मी वहिनींचा फोन नंबर घेतला, त्यांना माझा दिला.

मला अजूनही राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. कलाशिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी केलं. राग येतो तो त्या खुशीचा. पुसून टाकलं आणि वर समाधानी.

पुष्कळ दिवस चाचा दुकानाकडे फिरकले नाहीत. आले तेव्हा डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मी ऑपरेशनसाठी मागं लागले. कधी नव्हे ते लगेच तयार झाले. झाल्यावर म्हणाले, पुन्हा ती जवळची काच दे. हैदराबादहून नवे सुटे भाग आले होते.

या वेळी हात थरथरत होते. कोपर टेबलाला टेकवून, दुसऱ्या हातानं मनगट धरून ते कुंचला चालवायचे. टाचेच्या जागेपाशी येऊन अडले. पहिल्या वेळी अंदाजानं जमून गेलं होतं; आता एवढ्या वर्षांनी त्यांना खात्री वाटेना, आधी कुठला पाय यायचा, खूण कुठल्या बाजूनं रुंद हवी. माझ्यासमोर त्यांनी वहिनींना फोन लावला. पलीकडून वहिनी म्हणाल्या की विमानाचं त्यांना काय ठाऊक, पण घरी ट्रॅक्टरवरून उतरायचे तेही तसेच, पाठमोरं न होता, आधी डावी टाच घासत. कितीदा सांगितलं तरी ऐकायचे नाहीत.

"हाव, डावीच," चाचा म्हणाले, आणि फोन ठेवून मिठाचा एक ओला कण त्या जागी चिकटवला.

झालेलं विमान त्यांनी कुठल्याही संस्थेला दाखवलं नाही. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून त्यात ठेवलं आणि खोकं मांडीवर घेऊन एकटेच रेल्वेनं इस्लापूरला पोचवून आले. त्यानंतरच्या हिवाळ्यात उदगीरला भावाकडे गेले असताना ते वारले. ही बातमी मला वहिनींच्या फोनवरून कळली. जमेल तेव्हा येऊन जा म्हणाल्या.

मी गेले. सिमेंटच्या साध्या घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, नातवंडांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी विमान होतं. त्याला फडकं लावायचं नाही अशी वहिनींनी सुनेला ताकीद दिलेली. त्यांनी ते दोन्ही हातांनी उतरवलं, दारातल्या उजेडात आणलं आणि डाव्या पंखाच्या मुळाशी नख टेकवलं.

"हितून घसरायचे," त्या म्हणाल्या.

मी चष्मा काढून विमान डोळ्यांजवळ नेलं. तांदळाच्या कणीएवढी रुपेरी जागा होती, एका बाजूनं थोडी रुंद, जशी घासत खाली येणाऱ्या टाचेनं पडावी तशी.