मारोतरावांनी ठोकून पाहिलेला मंच

मारोतराव वैरागडे रेल्वेत छत्तीस वर्षं चाकांवर हातोडी मारत होते. चाक खणखणीत वाजलं की गाडी पुढे, बद्द वाजलं की डबा बाजूला. निवृत्त झाले तरी हाताला चैन नाही. गोल बाजारात एक मडकं घ्यायला ते वीस मडकी ठोकत. नव्या फ्लॅटच्या भिंती ठोकून त्यांनी बिल्डरला घाम फोडला होता. आम्ही तात्यापारा या हिंदी मुलखातल्या वस्तीतले मराठी लोक त्यांना पाठीमागे 'ठोकाराव' म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता.

यंदा आमच्या मंडळाला ज्येष्ठांचा पुळका आला. कार्यक्रमाचं नाव ठरलं 'अनुभवाचे मोल'. सत्काराला मारोतरावांना निवडलं, कारण बाकीचे ज्येष्ठ माइक सोडत नाहीत. अध्यक्ष शरच्चंद्रजींनी चाळीस मिनिटांचं भाषण लिहिलं. सत्कारमूर्तींना बोलायला दोन मिनिटं. मग मुलांचा नाच, त्यात मारोतरावांची नात ऋता आणि आणखी वीस पोरं.

त्या संध्याकाळी मारोतराव तासभर आधी आले आणि टेंटवाल्याची हातोडी मागून मंचाखाली शिरले. खालून ठण ठण ऐकू येत होतं आणि आम्ही वर हसत होतो. बाहेर आले ते घामाघूम, गुडघ्यांना माती.

"मागचे दोन पाय बद्द वाजून राहिले. जोडाला तडा हाय. पोट्टे नाचले की बसते हा खाली."

टेंटवाला उखडला. "बाबूजी, पिछले हफ्ते इसी पे पूरी बारात नाची है."

"काका, आज तुमचा सत्कार हाय," मी म्हटलं. "आज तरी ठोकाठोक सोडा ना."

"मले सत्कार नको. पाय बदलवा."

"पाहा, किती नम्र!" शरच्चंद्रजी गहिवरले. 'मला सत्कार नको' एवढं त्यांनी लगेच भाषणात टिपून घेतलं. पायांचं तेवढं राहिलं.

मारोतराव मंचावर चढलेच नाहीत. त्यांना पायरीपाशीच शाल घातली, त्यांच्या साधेपणाला टाळ्या पडल्या. नाचाची घोषणा झाली तेव्हा मात्र ते पायरीवर आडवी काठी धरून बसले. एकाही पोराला वर जाऊ देईनात.

"आजोबा, सब हँस रहे हैं. हटिए ना," ऋता रडकुंडीला आली.

"बाबा, काहून करून राहिले असं? लोक पाहून राहिले," सून मंजिरी शरमेने पाणी पाणी झाली.

"पाहू दे," मारोतराव म्हणाले. काठी हलली नाही.

म्हाताऱ्याची समजूत पटेपर्यंत वेळ काढावा म्हणून शरच्चंद्रजींनी कमिटीला फोटोसाठी वर बोलावलं. आम्ही चौदा जण बाजूला खुर्ची लावून वर चढलो. "ज्येष्ठांचं ऐकणं," शरच्चंद्रजी माइकवर म्हणाले, "हीच आपली संस्कृती..."

मागचे दोन्ही पाय एकदम बसले. अध्यक्ष हारासकट फुलदाणीवर आदळले. माझा उजवा हात मोडला. पोरं सगळी खाली उभी होती, टक लावून बघत.

पुढच्या बैठकीत ठराव झाला, 'ज्येष्ठांच्या आशीर्वादाने मोठा अनर्थ टळला.' आशीर्वाद! त्या माणसाने मातीत रांगत जाऊन कोणता पाय आणि कुठे तडा ते स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते दोन फुटांवरून ऐकलं होतं. तरी ठरावाखाली डाव्या हाताने सही केलीच.

राहिलेला नाच महिन्याभराने झाला. मंच नवा, टेंटवाला नवा. नाव पुकारलं तरी ऋता पायरीवर पाय ठेवीना. अख्ख्या मांडवासमोर ओरडली, "आजोबा, ठोक के देखा?"

या वेळी कोणी हसलं नाही. मंचाखालून उत्तर येईपर्यंत मीही प्लास्टरमधला हात सांभाळत तिच्यामागे उभा राहिलो.